पिकअपसाठी टिकाऊ ए/टी टायर: जांभ्याचा रस्ता, आंब्याचा लोड आणि पावसातला घाट

बागायती_कोल्हापूर

नमस्कार मंडळी. टायरवर इथे आधी दोन-तीन धागे होऊन गेलेत, पण सगळे एसयूव्हीचे. माझं प्रकरण जरा वेगळं आहे म्हणून नवा धागा काढतोय.

गाडी इसुझू व्ही-क्रॉस, बीएस६, चार बाय चार, सेकंडहँड घेतलेली. टायरचं माप २५५/६० आर १८. मागच्या मालकानं घातलेले हायवे टायर झिजेच्या खुणेपर्यंत आलेत आणि एकाच्या बगलेला (साइडवॉलला) फुगा आलाय. पावसाच्या आत पाचही बदलायचे आहेत, स्टेपनीसकट.

राहायला कोल्हापुरात, बाग राजापूर तालुक्यात. मलकापूर, अणुस्कुरा घाट, पाचल असा रस्ता. बहुतेक डांबरच, पण शेवटचा तुकडा जांभ्याचा, चढाचा आणि पावसात पार धुपलेला. एप्रिल-मेमध्ये मागे आंब्याचे क्रेट, जूनमध्ये खताच्या गोण्या. एरवी हौदा रिकामा, फार तर एखादा पाइपचा बंडल.

दुकानदार म्हणतो, २६५/६५ आर १८ घाला, गाडी उठून दिसेल. मेहुणे म्हणतात, सरळ मड टायर घाला, कटकट मिटेल. घरातून आदेश आहे की आवाज करणारं काही नको. मला पाहिजे टिकाऊ. कोणती कंपनी घेऊ?

सह्यभटक्या

कंपनी शेवटी ठरवा. आधी मेहुण्यांचा सल्ला बाजूला ठेवा. 🙂

मड टायर म्हणजे एम/टी. त्याचे ठोकळे मोठे, मधली फट मोठी, त्यामुळे डांबराला टेकणारं रबर कमी. ओल्या डांबरावर ब्रेक लागायला अंतर जास्त घेतो. अणुस्कुऱ्याची वळणं जुलैच्या पावसात आणि धुक्यात उतरायची आहेत ना? मग तिथे एम/टी म्हणजे विकतचं दुखणं. शिवाय डांबरावर भराभर झिजतो आणि साठच्या पुढे केबिनमध्ये बोलणं ऐकू येत नाही.

ए/टी म्हणजे ऑल-टेरेन, डांबर आणि कच्चा दोन्हीसाठी. हा मधला मार्ग आहे, पण ए/टी म्हटलं की सगळे एकसारखे नसतात. काही ए/टी म्हणजे हायवे टायरलाच खांद्यावर चार खाचा पाडलेले. काही जवळजवळ मड टायर. तुमच्या वापराला पहिल्या प्रकाराच्या जरा पुढचा, मधला पाहिजे.

आपल्याकडे दुकानात चालणारी नावं: योकोहामा जिओलँडर ए/टी जी०१५, अपोलो अप्टेरा एटी२, ब्रिजस्टोन ड्युएलर ए/टी, मॅक्सिस ब्राव्हो, सिएट क्रॉसड्राइव्ह एटी, बीएफ गुडरिच केओ२. यातली सगळी सगळ्या मापांत येत नाहीत. जून २०२० मध्ये सरकारनं टायरची आयात प्रतिबंधित यादीत टाकली, तेव्हापासून परदेशी बनावटीच्या काही मापांसाठी वाट बघावी लागते. त्यामुळे नेटवर फोटो बघून प्रेमात पडू नका, आधी दुकानात माप विचारा.

नुसताच_वाचक

वाचतोय. आमच्याकडे हायलक्स आहे, तिलाही हेच लागू होईल ना?

टायरगल्ली_सांगली

टायरच्या धंद्यात आयुष्य गेलं, त्यामुळे जरा सविस्तर लिहितो. सह्यभटक्यांनी नक्षीबद्दल सांगितलंय, बरोबर आहे. पण गिऱ्हाईक दुकानात येऊन फक्त नक्षीच बघतं. पिकअपवाल्यानं आधी बगल वाचायची.

तुमच्या टायरवर मापापुढे एक आकडा आणि एक अक्षर असेल. आकडा म्हणजे लोड इंडेक्स. १०० म्हणजे एका टायरला ८०० किलो, १०८ म्हणजे १०००, ११२ म्हणजे ११२०, ११५ म्हणजे १२१५. २५५/६० आर १८ मध्ये १०८ आणि ११२ असे दोन्ही टायर बाजारात दिसतात, ११२ वाल्यावर बहुधा एक्सएल, म्हणजे एक्स्ट्रा लोड, लिहिलेलं असतं. दिसायला दोन्ही सख्खे भाऊ. किमतीतला फरक बघून लोक १०८ उचलतात. तुम्ही क्रेट वाहणार आहात, ११२ च घ्या. अक्षर म्हणजे वेगाची मर्यादा, एस म्हणजे १८०, टी म्हणजे १९०. आपल्याला त्याची चिंता नाही, कंपनीनं दिलंय त्याच्या खाली जाऊ नका एवढंच.

आता तुमचं खरं वजन किती ते काढा. आरसीवर गाडीचं रिकामं वजन आणि भरल्यावरचं कमाल वजन, दोन्ही असतात. वजाबाकी केली की माल आणि माणसं मिळून किती चालतील ते कळतं. २० किलोचे ४० क्रेट म्हणजे ८०० किलो, वर तुम्ही, ड्रायव्हर आणि दोन गडी. हा सगळा भार चार टायरवर सारखा पडत नाही. हौद्यातलं बरंचसं ओझं मागच्या दोनवर येतं आणि मागच्या चाकाच्याही मागे माल रचला तर पुढची चाकं उलट हलकी होतात. घाटात स्टेअरिंग पोकळ लागतं ते त्यामुळे. जड माल केबिनला चिकटवून ठेवायचा.

दुसरी गोष्ट तारीख. बगलेवर डॉट कोडच्या शेवटी लंबगोलात चार आकडे असतात. २३२४ म्हणजे २०२४ सालातला तेविसावा आठवडा. पाचही टायरचे आकडे स्वतः वाकून बघा. नुसतं बिल बघून काही कळत नाही. आयएसआयचा शिक्काही बघा, तो सक्तीचा आहे.

मोठ्या मापाबद्दल रात्री लिहितो, दुकानात गर्दी आहे.

डेन्व्हरकर

काकांनी लोडचं फार छान सांगितलं. इकडे कोलोरॅडोत माझ्याकडे टोयोटाची टॅकोमा पिकअप आहे, म्हणून थोडी भर घालतो.

अमेरिकेत पिकअपचे टायर सरळ दोन बांधणींत मिळतात, पी म्हणजे पॅसेंजर आणि एलटी म्हणजे लाइट ट्रक. एलटीला लोड रेंज असते: सी म्हणजे ६ प्लाय, डी म्हणजे ८, ई म्हणजे १०. पूर्वी खरोखर तेवढे थर असायचे, आता तो ताकदीचा दर्जा आहे. पॅसेंजर बांधणीचा टायर पिकअपवर वापरला तर त्याची भार पेलण्याची क्षमता १.१ ने भागून धरायची असा इकडचा नियम आहे. म्हणजे बगलेवर ११०० किलो असेल तर हिशोबात १००० च.

इथले सगळे गडी लोड रेंज ई च्या मागे लागतात. मला ते पटत नाही. दहा प्लायचा टायर जड, कडक, आणि तेवढाच भार पेलायला त्यात हवा जास्त भरावी लागते. रिकामी गाडी त्यावर उड्या मारते आणि डिझेल-पेट्रोल खाते ते वेगळंच. वर्षातले दोन-तीन महिने लोड आणि एरवी रिकामा हौदा असेल तर एक्सएल किंवा फार तर लोड रेंज सी पुरे.

अवांतर: इकडे टायरवर तीन शिखरं आणि हिमकणाचं चिन्ह, म्हणजे बर्फासाठीची खूण, बघून घेतात. आय-७० महामार्गाच्या डोंगरातल्या पट्ट्यात सप्टेंबर ते मे कायद्यानंच ३/१६ इंच, म्हणजे पावणेपाच मिलिमीटरच्या आसपास नक्षी शिल्लक लागते. राजापुरात त्या चिन्हासाठी जादा पैसे मोजू नका. 😄

काळीमाती_परभणी

सगळे जांभा नि डांबर बोलायलेत, आमच्या काळ्या मातीचं कोणीच काढंना. म्हणून दोन ओळी.

माझी बोलेरो पिकअप, दोन चाकी ड्राइव्ह, सोयाबीन आणि खत. एका भिडूनं पार बटणाचे टायर घालून दिले, म्हणला आता शेतातून सरळ काढ. पहिल्या पावसानंतर काळी माती चार फेऱ्यांतच नक्षीत भरली. एकदा भरली की ए/टी काय, एम/टी काय, गुळगुळीत टायरच की हो. ही माती पाणी पिऊन फुगती, चिकटती, चाक नि मडगार्डाच्या मधी थर बसतो आणि चाकच फिरंना. त्यावर उपाय एकच: पाऊस पडला की गाडी बांधावर लावायची आणि माल बैलगाडीनं नाहीतर ट्रॅक्टरनं बाहेर आणायचा. माती सुकायला दोन उन्हं द्यायची.

मुरमाच्या रस्त्यावर मात्र फरक पडतो, मान्य. आणि वेड्या बाभळीचे काटे. जाड नक्षीत काटा आतपर्यंत पोचत नाही, पंक्चर बरेच कमी झाले.

सह्यभटक्या

परभणीकर भाऊ, एकदम सही. हे कुठल्याच जाहिरातीत येत नाही. टायरची नक्षी चिखल बाहेर फेकू शकली तरच ती कामाची, आणि त्यासाठी चाक जरा वेगात फिरावं लागतं. काळ्या मातीत तेवढा वेगच मिळत नाही.

जांभ्याचं उलटं आहे. पावसात जांभ्यावर शेवाळ धरतं आणि कडेचे चिरे धारदार असतात. तिथे पकड देणारी नक्षी तर हवीच, पण टायर मरतो तो बगलेतून. पंक्चर परवडलं, बगल फाटली की टायर भंगारात. म्हणून टिकाऊ हवा असेल तर दुकानात टायर आडवा टाकून खांद्याकडून बगलेवर उतरलेले रबराचे ठोकळे बघा आणि बगल किती प्लायची आहे ते वाचा. साइडवॉल असं लिहून पुढे पॉलिएस्टरचे थर दिलेले असतात, एक किंवा दोन, क्वचित तीन. एक प्लायची बगल जांभ्यावर नेऊ नका. केओ२ चं कौतुक होतं ते या बगलेमुळेच, पण तो बहुतेक मापांत एलटी बांधणीचा, जड आणि महाग. रोजचं डांबर बघता तुम्हाला तो जास्त होईल असं माझं मत.

घाटरस्ता_नको_रे

मी उलट बाजूनं बोलतो, शिव्या घालू नका. तुम्हाला ए/टी लागतातच कशाला? गाडी चार बाय चार आहे, लो रेंज (हळू वेगात जास्त ओढ देणारा गिअर) आहे. चांगले एच/टी, म्हणजे हायवे टायर, घाला, कच्च्यात लो टाका, निवांत चढेल. जीप टायरवर नव्हे, ड्रायव्हरवर चढते. आमचे वडील साध्या टायरवर तिलारीच्या घाटातून काजू आणायचे.

सह्यभटक्या

वडिलांना नमस्कार सांगा. 🙏 चढायचं म्हणाल तर तुमचं खरं आहे, लो रेंज चारही चाकांना ताकद देतं. उतरताना काय करणार? शेवाळलेल्या जांभ्यावर उतारानं भरलेली गाडी खाली येते तेव्हा चार बाय चारचा उपयोग मर्यादित, थांबवतं ते रबरच. कच्चा तुकडा फक्त उन्हाळ्यात लागत असता तर मीही एच/टीच म्हटलं असतं.

टायरगल्ली_सांगली

आता मोठ्या मापाचं.

२५५/६० आर १८ चा व्यास येतो ७६३ मिलिमीटर. २६५/६० आर १८ चा ७७५, म्हणजे दीड टक्क्याच्या जरा वर. हे माप हायलक्सला कंपनीतूनच येतं (नुसताच_वाचक, तुमच्या वरच्या मॉडेलला हेच असेल, खालच्याला २६५/६५ आर १७). २६५/६५ आर १८ चा व्यास ८०२, म्हणजे पाच टक्के जास्त. काटा ८० दाखवतो तेव्हा गाडी ८४ ने पळते. गिअरिंग तेवढंच लांब होतं, म्हणजे भरल्या गाडीला घाटात एक गिअर खाली यावं लागणार. ब्रेकवर ताण वाढतो, स्टेअरिंग पूर्ण वळवलं की आतल्या प्लास्टिकला घासतो आणि खालच्या स्टेपनीच्या जागेत मोठा टायर बसेलच असं नाही. वर मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आहे. कंपनीनं दिलेल्या तपशिलात बदल केला आणि उद्या अपघात झाला, तर विमावाल्याला आयतं कारण मिळतं. दुकानदाराला विकायला बरं, तुम्हाला वापरायला नाही. मूळ मापच ठेवा. गाडी उठून दिसायची असेल तर धुऊन घ्या.

पैशांचं म्हणाल तर सप्टेंबर २०२५ पासून टायरवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आलाय. जुना भाव सांगून "तुमच्यासाठी डिस्काउंट" देणारे आहेत अजून. बिल बघा.

बागायती_कोल्हापूर

काका, शेवटचं वाक्य घरात वाचून दाखवलं, हशा पिकला.

मोठ्या मापाचा नाद सोडला. दोन शंका आहेत. पुढचे दोन टायर अजून थोडे चालतील असं वाटतं. आत्ता फक्त मागे दोन ए/टी घालून पुढचे दिवाळीत बदलले तर? आणि हवा किती ठेवू? प्रत्येक पंपावर वेगळा आकडा सांगतात.

टायरगल्ली_सांगली

परभणीकरांच्या दोन चाकी ड्राइव्हला मागे दोन नवे चालतात. तुमच्या गाडीत नाही. व्ही-क्रॉसला पार्टटाइम चार बाय चार आहे. चारात टाकलं की पुढचा-मागचा शाफ्ट एकत्र बांधला जातो, मध्ये डिफरन्शियल नाही. पुढे झिजलेला हायवे टायर आणि मागे नवा जाड ए/टी म्हणजे दोन वेगळे व्यास. दोन्ही ॲक्सल एकमेकांशी भांडत राहतात आणि मार खातो तो ट्रान्सफर केस, म्हणजे ताकद पुढच्या-मागच्या शाफ्टला वाटणारा गिअरबॉक्स. त्याच्या खर्चात पाच नाही, दहा टायर येतील. चारही एकदम, एकाच कंपनीचे, एकाच नक्षीचे. पाचवा स्टेपनीला घेतलात तर टायरच्या जागा बदलायच्या फिरवाफिरवीत त्यालाही धरा, दर आठ-दहा हजार किलोमीटरला. ए/टी चे ठोकळे एका बाजूनं झिजले की आवाज सुरू होतो. घरातून तक्रार येते ती नव्या टायरची नसते, न फिरवलेल्या टायरची असते.

हवेचं: ड्रायव्हरच्या दाराच्या खांबावर पट्टी आहे, तिच्यावर रिकाम्या आणि भरलेल्या गाडीचे आकडे असतात. पंपावरच्या पोराचं ऐकू नका. सकाळी गाडी हलायच्या आत बघायची. दुपारी तापलेल्या टायरचा आकडा वाढलेला दिसतो म्हणून हवा काढली, तर रात्री ती कमी पडणार. भरल्या गाडीत हवा कमी असणं हे टायर फुटायचं सगळ्यात मोठं कारण. बगल सारखी मुडपते, तापते, आतले धागे सुटतात. क्रेट उतरले की मागची हवा परत रिकाम्याच्या आकड्यावर आणा, नाहीतर नक्षी फक्त मधोमध झिजेल.

सह्यभटक्या

+१. कच्च्यात हवा कमी करायची पद्धत आम्ही ट्रेलवर वापरतो, पण जांभ्यावर जपून. हवा कमी केली की टायर पसरतो, पकड मिळते, पण बगलही बाहेर येते आणि तिथेच धारदार चिरे असतात. आणि भरल्या गाडीत तर हा प्रयोग नकोच. रिकामी गाडी, वेग अगदी हळू, आणि डांबराला लागायच्या आत परत भरायची. हौद्यात बारा व्होल्टचा कॉम्प्रेसर नसेल तर हवा सोडूच नका.

नुसताच_वाचक

नायट्रोजन भरू का? पंपावर फार आग्रह करतात.

टायरगल्ली_सांगली

साध्या हवेत ७८ टक्के नायट्रोजनच असतो. फुकट मिळाला तर घ्या. पैसे देऊन घेणार असाल तर त्याच पैशात हवा मोजायचं चांगलं गेज घ्या आणि आठवड्याला बघा.

रानकाजू

उशिरा आले धाग्यावर. आमची बाग लांज्याकडे, रस्ता तसाच. एक गोष्ट कोणी लिहिली नाही: वॉरंटी. आमच्या नव्या टायरला जांभ्याच्या चिऱ्यानं बगलेत चीर पडली. कंपनीचा माणूस आला, टॉर्च मारून बघितलं आणि म्हणाला, आपटून झालेलं नुकसान वॉरंटीत बसत नाही. कागद वाचला तर खरंच तसं लिहिलेलं. वॉरंटी फक्त बनावटीतल्या दोषाला असते. काही दुकानं खड्ड्यातल्या नुकसानीसाठी वेगळी योजना देतात, तिच्या अटी आधीच लेखी घ्या.

आणि पंक्चर काढताना नुसती स्ट्रिप घालून सोडू देऊ नका. तात्पुरती ठीक आहे. परत आल्यावर टायर उतरवून आतून मशरूम पॅच (भोकात बसणाऱ्या देठाचं ठिगळ) मारून घ्यायचा. खांद्याला किंवा बगलेला भोक असेल तर तो टायर रस्त्यावर नकोच, पंक्चरवाला "काही होत नाही ताई" म्हणाला तरी.

बागायती_कोल्हापूर

ताई, हे फार कामाचं. दुकानाला फोन झालाय. ११२ लोड इंडेक्स, दोन प्लायची बगल, मूळ माप एवढं सांगितलं तर पलीकडचा गडी क्षणभर गप्पच झाला, मग म्हणाला "साहेब, बघून सांगतो." दोन कंपन्यांचे टायर या चाळणीतून उरलेत. एकाची तारीख ताजी आहे, दुसरा दीड वर्षापूर्वीचा पण बराच स्वस्त. स्वस्तवाला घ्यावा का? माझं फिरणं काही टॅक्सीएवढं नाही.

टायरगल्ली_सांगली

फिरणं कमी आहे म्हणूनच ताजा घ्या. ज्याची गाडी रोज पळते त्याची नक्षी आधी संपते, त्याला दीड वर्षाचा टायर चालून जातो. तुमचा टायर नक्षी शिल्लक असतानाच म्हातारा होणार. पाच वर्षांनंतर दर वर्षी उतरवून आतून-बाहेरून चिरा बघायच्या, आणि दहा वर्षांचा झाला की नक्षी कितीही असो, काढायचा. त्या हिशोबात सुरुवातीलाच दीड वर्ष कशाला घालवता? दीड वर्षाचाच घ्यायचा झाला तर तो उन्हात, रस्त्यावर रचलेल्या थप्पीतला नसावा एवढं बघा.

बसवून घेतल्यावर व्हॉल्व्ह नवे टाकायला सांगा, अलाइनमेंट त्याच दिवशी करा. आणि पहिली शंभरेक किलोमीटर झाली की चाकांचे नट पाना लावून परत आवळून घ्या. लोड घालायच्या आधी.

काळीमाती_परभणी

काका, बोलेरोला रिमोल्ड (जुन्या टायरवर नवी नक्षी चढवलेले) चालतील का मागं? खताच्या फेऱ्याच आहेत नुसत्या, चाळीसच्या पुढं जात नाही.

टायरगल्ली_सांगली

व्यनि करतो. केसिंगचा, म्हणजे जुन्या टायरच्या सांगाड्याचा, फोटो पाठवा, आतल्या बाजूचा पण.